खर्ज तळहाताला कळतो

ऐकणं कमी झालं की बोलणं कळेनासं होतं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पुष्कळदा त्याच्या आधीच घर गप्प झालेलं असतं. गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटी, शेजारच्या परसात घासल्या जाणाऱ्या भांड्यांची किणकिण, अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या, हंगामात उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळा हे सगळं सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या कानावर दिवसभर पडत असतं. त्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही. त्यामुळे ते गेलं तरी गेल्याचं चटकन ध्यानात येत नाही. दिवस नुसते फिके वाटू लागतात, आणि ते का, हे त्या माणसाला सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कान गमावून परतलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर काम करताना डी. ए. रॅम्सडेल या मानसशास्त्रज्ञाला हीच गोष्ट आढळली. ऐकण्याचे तीन थर असतात, अशी मांडणी त्याने केली. वरचा थर शब्दांचा. मधला खुणांचा, म्हणजे कुकरची शिट्टी, दारावरची थाप, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न. तळचा थर पार्श्वभूमीचा. या तळच्या थरामुळे भोवतालचं जग चालू आहे आणि आपण त्यात आहोत, हे माणसाला न कळत कळत राहतं. सैनिकांना जग मेल्यासारखं का वाटतं, याचं मूळ रॅम्सडेलला शब्दांपेक्षाही या तळच्या थरात सापडलं.

वरच्या दोन थरांसाठी उपाय शोधले जातात. कानाचं मशीन येतं, बेलबरोबर पेटणारा दिवा येतो, कागदावर लिहून दाखवलं जातं. तळच्या थराकडे मात्र घरातलं कोणी पाहत नाही, डॉक्टरांनाही तेवढी सवड नसते. रोजच्या जगण्यातला ताजेपणा येतो तो याच थरातून. त्वचा, डोळे, नाक आणि जीभ यांच्या वाटेने तो बऱ्याच अंशी परत आणता येतो. त्यासाठी लागणारं साहित्य महाबळेश्वरपासून हरिपूरपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर भरपूर आहे.

आधी कान कसा मंदावतो ते पाहायला हवं. आतल्या कानातल्या शंखासारख्या वेटोळ्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. हवेतून आलेल्या कंपनांचं रूपांतर त्या मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतात. माणसाच्या कानात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय वाढतं तसं वेटोळ्याच्या तोंडाशी असलेल्या पेशींची हानी आधी होते आणि उंच पट्टीचे आवाज तिथेच टिपले जातात. म्हणून घुंगरू जातं आणि एसटीची घरघर राहते. सततच्या गोंगाटानेही असंच नुकसान होतं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकणं ही धोक्याची रेघ मानली जाते. विट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये उभं राहिलं की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं, आणि मागावर जन्म काढलेले कितीतरी जण पुढे घरातही तसंच बोलतात.

सगळंच नुकसान कायमचं असतं असं नाही. कानात साठलेला मळ, फुटलेला पडदा, मधल्या कानातल्या हाडांचा आजार यांवर इलाज होतो. वॅनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून मिरज हे वैद्यकीय गाव म्हणून ओळखलं जातं. या भागातल्या माणसाला कानाच्या डॉक्टरसाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आणि एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट पाहू नये. अशा वेळी लगेच सुरू केलेल्या औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. आठवडे गेले की ती संधी जाते.

उंच पट्टी गेली की शब्दांचं काय होतं, हे स्वयंपाकघरात कळतं. आवाजाचा जोर स्वरांमध्ये असतो, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांमध्ये, आणि स, श, थ, फ ही व्यंजनं हलकी आणि उंच पट्टीची. त्यामुळे कोणी तरी बोललं हे ऐकू येतं, काय बोललं ते कळत नाही. ओठांवरून वाचायला जावं तर प, ब, भ, म हे चारही वर्ण ओठ मिटूनच निघतात. ‘पीठ’ आणि ‘मीठ’ दिसायला अगदी सारखे. क, ख, ग, घ घशाशी तयार होतात, ते दिसतच नाहीत. आजीकडे पीठ मागितल्यावर तिने मीठ पुढे केलं तर तिचं लक्ष नव्हतं असं नाही. तिच्या डोळ्यांना दोन्ही एकच दिसलं. नातीचा नाजूक आवाज कळत नाही आणि शेजाऱ्याचा भरदार आवाज कळतो, यालाही हेच कारण आहे. “सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं” हे वाक्य घरोघरी उच्चारलं जातं आणि ते फार अन्यायाचं आहे.

अर्धवट ऐकू येणाऱ्या शब्दांच्या गाळलेल्या जागा भरण्यात मेंदू सतत राबत असतो. लग्नाच्या मांडवात दोन तास बसून आलेला असा माणूस शेतात दिवसभर राबल्यासारखा थकतो. हा थकवा झोपेने पुरता जात नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा समोर असतं. मग माणूस जाणं-येणं कमी करतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत ऐकणं कमी होणं आहे. तेव्हा मशीन लावणं आणि माणसांत राहणं याला पर्याय नाही. पण जिथे अंदाज बांधावा लागत नाही, चुकण्याची भीती नाही, काही समजून घेतल्याचं सोंग करावं लागत नाही, असे दिवसातले काही तास हवेच असतात. इतर इंद्रियांचं काम तिथे सुरू होतं.

जन्मापासून न ऐकणाऱ्यांची गोष्ट यापेक्षा निराळी आहे. त्यांचं काही हरवलेलं नसतं. त्यांचं जग पहिल्यापासूनच डोळ्यांनी आणि स्पर्शाने रचलेलं असतं आणि त्यांची भाषा हातांची असते. भारतीय सांकेतिक भाषेच्या अधिकृत शब्दकोशात २०२१ पासून १०,००० शब्द आहेत. ज्यांचे कान पन्नाशी-साठीत गेले त्यांनी या मंडळींकडून पुष्कळ शिकण्यासारखं आहे, कारण आवाजाशिवाय दिवस भरगच्च कसा असतो हे त्यांना ठाऊक आहे.

एक समजूत इथे बाजूला ठेवायला हवी. एक इंद्रिय गेलं की बाकीची आपोआप तल्लख होतात, असं म्हटलं जातं. जन्मतः न ऐकणाऱ्यांच्या बाबतीत ते काही अंशी खरं आहे. नजरेच्या कडेला झालेली हालचाल ते इतरांपेक्षा लवकर टिपतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. उतारवयात कान गेलेल्याची नजर मात्र रातोरात घारीची होत नाही. त्या वयात डोळे आणि नाकही थोडे मंदावलेलेच असतात. त्यांना धार लावावी लागते, आणि ती सवयीने लागते. रोज तीच गोष्ट त्याच वेळी हाताने, डोळ्याने, नाकाने मुद्दाम घेत राहिलं की काही आठवड्यांनी ती गोष्ट न बोलावता येऊ लागते. पार्श्वभूमी अशीच तयार होते.

त्वचेपासून सुरुवात करणं सोपं, कारण त्वचा एका अर्थी ऐकतेच. कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनं कळतात. त्वचेची मजल साधारण १,००० पर्यंत, आणि २०० ते ३०० च्या आसपास ती सर्वांत जागी असते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे हातोहात तपासता येतं. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, दांडी आणि तबली लाकडाची. भोपळ्याला तळहात लावून खर्जाची तार छेडली की आवाज अंगात शिरतो. पुरुषी पट्टीच्या तानपुऱ्यात खर्ज सेकंदाला ६५ ते ७० कंपनांच्या घरात असतो आणि जोडाच्या तारा त्याच्या दुप्पट. दोन्ही त्वचेच्या टप्प्यात आहेत. तारा टेकतात त्या घोडीवर जवारी काढल्यावर वर उमटणारी बारीक झंकार मंदावलेल्या कानाला कदाचित मिळणार नाही. पण वाद्य मांडीला टेकवून, गाल दांडीजवळ नेऊन बसलं की खालचा सगळा भाग हाडातून आणि कातडीतून पोचतो. कंपन विझताना बोटांखाली कसं पातळ होत जातं, हे तर कानाने ऐकणाऱ्यालाही सहसा माहीत नसतं. गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर याच गावात, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे दरवर्षी गायन-वादन होतं. तानपुऱ्याजवळ जागा धरली तर कमी ऐकणाऱ्यालाही त्या मैफिलीत वाटा मिळतो.

हा मनाचा खेळ नव्हे. जन्मतः न ऐकणाऱ्या माणसांच्या हाताला कंपन दिलं की मेंदूतला ऐकण्याचा भागही जागा होतो, असं मेंदूच्या चित्रणांत दिसून आलं आहे. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. ती अनवाणी उभी राहून वाजवते आणि तळपायांनी ताल घेते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचं दुसरं उदाहरण दूर शोधायला नको. नागाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. जमिनीतली थरथर त्याच्या खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत जाते. माणसाचा जबडाही थोडंफार हेच काम करतो.

गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल छातीवर आदळतो तेव्हाही हेच होत असतं. पण तिथे सावध राहायला हवं. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या कानाला मोठ्या आवाजाने आणखी इजा होतेच. आवाज जाणवत नाही म्हणून तो लागत नाही असं नाही. ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर उभं राहून कंपन घेणं म्हणजे उरलेल्या पेशी जाळणं. त्यापेक्षा तासगावच्या रथाचा दोर बरा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हा रथ माणसं दोराने ओढतात. दोर ताणला गेला की पुढच्या-मागच्या प्रत्येकाचा जोर हाताला कळतो, रथ हलला की तो झटका खांद्यापर्यंत येतो. त्या क्षणी कोण काय ओरडलं हे ऐकू येण्याची गरज उरत नाही.

आवाज सोडून हाताने बोलणं या भागाला नवीन नाही. पुसेगाव किंवा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे पाहावेत. बाजारात गलका असतो. अशात दोन व्यापारी हात रुमालाखाली घेतात, एकमेकांची बोटं धरतात आणि आकडा ठरतो. शेजारी उभ्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. आवाज नाही, नजर नाही, तरी हजारांचा हिशेब चोख. ज्या घरात कोणाला कमी ऐकू येतं त्या घराने हीच युक्ती उचलावी. खांद्यावर दोनदा थोपटलं की जेवायला चला, मनगट हलकं दाबलं की कोणी तरी आलंय, अशा चार-पाच खुणा ठरल्या की दिवसातलं निम्मं ओरडणं संपतं. ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. चेहरा तेवढा रागीट दिसतो, आणि ऐकणाऱ्याला तोच लागतो.

कुस्ती हे स्पर्शाचं आणखी एक विद्यापीठ. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं, आणि या मातीत प्रत्येक पोराला पट आणि ढाक हे डाव ठाऊक. अंगाला अंग भिडल्यावर समोरच्याचं वजन कोणत्या पायावर गेलं, हे पाहून उमगत नाही, पकडीतून उमगतं. हरियाणाचे वीरेंदर सिंह ऐकू-बोलू शकत नाहीत. त्यांनी कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये २००५, २०१३ आणि २०१७ साली सुवर्णपदकं जिंकली आणि २०२१ चा पद्मश्री त्यांना मिळाला. म्हाताऱ्या माणसाने आखाड्यात उतरावं असं कोणी म्हणणार नाही. पण तालमीच्या कठड्यावर बसून कुस्ती पाहणं हे ज्यात एकही शब्द लागत नाही असं रंजन आहे, आणि हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या त्या लाल मातीचा वास वेगळाच.

डोळ्यांकडे वळावं तर साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर कास आहे. सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या या जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर बोटभर. म्हणून तिथे झाडं मोठी होत नाहीत, पावसाच्या ओलीवर फुलं झटपट उमलतात आणि संपतात. या परिसरात साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचाही जागतिक वारशात समावेश झाला. सप्टेंबरमध्ये तेरड्याचा गुलाबी गालिचा, गेंदाचे पांढरे ठिपके, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा जांभळा असे रंग आठवड्या-आठवड्याला बदलतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा सामुदायिक फुलते. सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिन २३ सप्टेंबरला असतो, नेमका या बहराच्या दिवसांत.

कासला गर्दी फार, आणि बहुतेक जण लांबून रंग पाहून, फोटो काढून निघतात. मंद कानाच्या माणसाने तिथे भिंग न्यावं. आखून दिलेल्या वाटेवर बसून, फुलांना हात न लावता, एका हाताच्या अंतरातली जमीन अर्धा तास पाहावी. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीव ओढून घेतात. दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात आणि त्यावर एखादा डास अडकलेला दिसतो. असं पाहणं ही कसरत असते. कान जसा दहा आवाजांतून एक वेगळा काढतो, तसा डोळा दहा हिरव्यांतून एक वेगळा काढायला शिकतो. मग हे कास घरच्या अंगणातही सापडतं.

पाखरांची शीळ गेल्याचं दुःख अनेक जण सांगतात. शीळ परत येत नाही. पण कृष्णेच्या घाटावर सकाळी बसलं तर खंड्या सूर मारतो तेव्हा पाण्याला पडलेलं भोक दिसतं, वेडा राघू तारेवरून उडून पुन्हा त्याच जागी येतो ते दिसतं. कान शाबूत असताना हे कोणी इतकं निरखलेलं नसतं.

वाचन हा डोळ्यांचा मोठा आधार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये असलेलं भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. गावातली घरं, देवळं, शाळा यांतून पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचावं. चार माणसांत बसूनही बोलण्याची सक्ती नाही, अशी जागा कमी ऐकणाऱ्याला फार क्वचित मिळते. नाटकाचंही तसंच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या गावातल्या नाट्यवेड्या माणसाला कान गेल्यावर नाट्यगृहाकडे पाठ फिरवणं जिवावर येतं. संहिता आधी वाचून पहिल्या रांगेत बसलं की संवाद ओळखीचे होतात आणि लक्ष चेहऱ्यांवर, हातवाऱ्यांवर, प्रकाशावर जाऊ शकतं. छापलेलं मराठी नाटक मिळणं अवघड नाही.

नाक आणि जीभ यांची वाट सगळ्यांत आतली. वासाचे संदेश मेंदूतल्या आठवणी आणि भावनांच्या केंद्रांपर्यंत इतर इंद्रियांपेक्षा जवळच्या रस्त्याने जातात. त्यामुळे एका वासाने चाळीस वर्षांपूर्वीचं घर उभं राहतं. जानेवारीनंतर सांगलीच्या आसपास हळद काढली जाते, शिजवली जाते, उन्हात पंधरा-पंधरा दिवस वाळवली जाते. २०१८ मध्ये मानांकन मिळालेल्या या हळदीचा ओला, मातकट, थोडा संत्र्याच्या सालीकडे झुकणारा वास शिवारभर असतो. वाळल्यावर तो बदलतो, आणि हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत राहिलेल्या हळदीचा आणखी निराळा. कराडकडे गुऱ्हाळं पेटली की काहिलीतला रस पहिल्यांदा हिरवट, मग गोड, मग किंचित करपलेला असा वास देतो. गुळव्या त्यावरूनही पाक ओळखतो. वासाने वेळ आणि टप्पा ओळखणं हे कामाचं कौशल्य आहे. कुकरची शिट्टी ऐकू येत नसेल तर भात शिजल्याचा वास, डाळीचा वास, फोडणीत मोहरी तडतडून गेल्यानंतरचा वास हे घड्याळाचं काम करू शकतात. गॅसवर मात्र एवढ्यावर विसंबू नये. वयाबरोबर नाकही मंदावतं, म्हणून वेळ लावलेला, थरथरणारा फोन खिशात हवाच.

खाण्यात आवाजाचा वाटा किती असतो हे कान गेल्याशिवाय कळत नाही. सांगलीचं भडंग कुरकुरीत लागतं ते अर्धं कानांमुळे. उंच पट्टी गेली की तेच भडंग थोडं मऊ पडल्यासारखं वाटू लागतं, आणि दोष चुरमुऱ्यांना दिला जातो. पण चावण्याची थरथर जबड्याच्या हाडातून आत जातेच. सावकाश, दाढेखाली, तोंड मिटून खाल्लं की ती पुन्हा सापडते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात खवा चांगला भाजलेला असतो, म्हणून तो टाळूला आधी रवाळ आणि मग खरपूस लागतो. इथे कानाचा संबंधच नाही. अख्खा मसूर आणि भाकरी, त्याच्या शेजारी खर्डा, एवढ्यात ऊन, मऊ, खरखरीत, तिखट सगळं येतं. भाकरी थापणाऱ्या बाईला तर तिचा ताल तळव्यांतच असतो. थापण्याचा आवाज तिला ऐकू आला नाही तरी पीठ कुठे जाड राहिलं हे तिच्या बोटांना कळतं. अशा बाईच्या हातातून परात काढून घेऊन तिला ‘आराम’ देणारी घरं आहेत. ती चुकतात. कान गेल्यावर तिच्याकडे जे शाबूत उरलेलं असतं, तेच काढून घेतलं जातं.

तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच असतं. शिवाय पावलांचा आवाज न येणं, मागची गाडी न कळणं यामुळे चालताना डोळ्यांवर ताण येतो. ऐकणं कमी झालेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना कठडा किंवा कोणाचा तरी हात धरावा. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने जात असतात. पायी जाणाऱ्याने समोरून वाहनं येतील अशा बाजूने चालावं आणि अंधार पडण्याआधी घरी यावं. एवढं पाळलं तर चालण्यासारखं औषध नाही. अनवाणी पायांना सकाळचा घाटाचा दगड गार लागतो, दुपारचा नाही. जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या गोमुखाखाली हात धरला की पाण्याचा जोर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळा लागतो. ठोसेघरचा धबधबा भरात असताना कठड्याला हात लावून पाहावा. समोर पांढरा पडदा आणि तोंडावर तुषार असले की आवाजाची उणीव फार जाणवत नाही.

घर मात्र नीट मांडावं लागतं, नाहीतर बाहेरून आणलेला ताजेपणा उंबऱ्यावरच संपतो. बसण्याची जागा अशी हवी की दार दिसेल. पाठीमागून कोणी आलं की दचकण्यात जो दिवस जातो तो वाईट. स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर लहान आरसा लावला तर पाठीमागचं दार त्यात दिसतं. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, खिडकीकडे पाठ करून बोलू नये. जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर पाय आपटला की थरथर पलीकडच्या माणसापर्यंत पोचते. सिमेंटच्या फरशीवर ते होत नाही, तिथे दिव्याचं बटण दोनदा दाबावं. फोनवर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. ती चुकतात, बोलीत जास्त चुकतात, पण पीठ आणि मीठ यांतला फरक पुष्कळदा सांगतात.

कानाच्या मशीनबद्दल एक गोष्ट या भागापुरती महत्त्वाची. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते आणि मशीनमध्ये दमटपणा शिरतो. रात्री ते सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवावं, बॅटरीचं दार उघडं टाकावं. नवीन मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे भांडी आदळल्यासारखी वाटतात, कागदाची सळसळ कर्कश लागते, कारण मेंदू ते आवाज विसरलेला असतो. या टप्प्यावर पुष्कळ जण मशीन कपाटात ठेवून देतात. रोज तास-दोन तास शांत खोलीत, ओळखीचं काम करताना ते लावलं तर कानांची सवय परत येते. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, तुळशीला पाणी घालताना हाताला जे जाणवतं आणि डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी तो आवाज पुन्हा जोडला जातो, आणि मग तो कर्कश राहत नाही.

ज्यांच्या कानात सतत शीऽऽ असा नाद असतो त्यांना रात्र जड जाते, कारण भोवती शांतता झाली की तो वर येतो. पंख्याची किंवा पाण्याच्या बारीक धारेची थोडी साथ असली तर तो मागे सरतो. ज्यांना तेही ऐकू येत नाही त्यांनी हाताला काही तरी द्यावं. निजण्यापूर्वी तळपायांना काशाच्या वाटीने तेल-तूप चोळण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मशीन डबीत गेलेलं असतं, दिवा मंद केलेला असतो, उशीखाली पहाटेच्या गजराची थरथरणारी चकती ठेवलेली असते. पाच वाजता ती हलते, आणि खिडकीतून आलेल्या गार वाऱ्यात कोणाच्या तरी चुलीचा धूर असतो.